शिरसवण्याचा दोन नंबर दरवाजा

जुलैच्या नऊ तारखेला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, शिरसवणे धरणाचा दोन नंबरचा दरवाजा कोणी न सांगता नऊ इंच वर गेला. भोंगा वाजला नाही. दरवाजा उचलायच्या आधी भोंगा माणसानं वाजवायचा असतो, आणि दरवाजा उचलायला कोणी सांगितलंच नव्हतं. खाली नदीच्या पात्रात बाबू भोई खडकात अडकलेलं जाळं सोडवत उभा होता. लोंढ्यानं त्याला दोनशे हात वाहत नेऊन पुलाच्या खांबावर आदळलं. जीव वाचला, डावी मांडी मोडली.

धरणावर त्या वेळी एकच माणूस होता, गेट ऑपरेटर निवृत्ती सुतार. एकतीस वर्षांची नोकरी. पाण्याचा बदललेला आवाज ऐकून तो केबिनमधून धावत आला आणि चार मिनिटांत त्यानं दरवाजा खाली घेतला. संध्याकाळी त्याच्या हातात निलंबनाचा कागद पडला.

दरवाजा चालवणाऱ्या पेटीतली नोंद स्पष्ट होती. अकरा दहाला हुकूम आला, तो योग्य चावीनं उघडला, दरवाजा उचलला. वडगावच्या नियंत्रण केंद्रातून शिरसवण्याला त्या वेळी कोणताही हुकूम गेला नव्हता. मग उरलं काय? धरणावरचं पॅनेल, कारण त्याचा हुकूमही त्याच चावीनं पेटीत जातो, आणि पॅनेलपाशी असलेला माणूस.

बारा दिवसांनी चौकशी समिती बसली. समितीनं तज्ज्ञ म्हणून पुण्याच्या एका चाचणी प्रयोगशाळेतून डॉ. चारुशीला सुतार यांना बोलावलं. आपण निवृत्तीची धाकटी बहीण आहोत हे तिनं स्वतःच आधी कळवलं होतं. समितीच्या अध्यक्ष, अधीक्षक अभियंता फरीदा इनामदार, म्हणाल्या होत्या, "तुम्हाला मत विचारायचं नाही, गणित विचारायचंय. गणिताला भाऊ नसतो."

त्या साली, म्हणजे २०४३ साली, गोमटी नदीच्या खोऱ्यातली पाचही धरणं एकाच केंद्रातून चालवली जात. अठ्ठावीस दरवाजे. केंद्र रेडिओवरून हुकूम सोडी आणि तो पाचही धरणांवर एकदमच पोहोचे, पण कुलूपबंद. प्रत्येक दरवाजाच्या पेटीत त्या दिवसाची स्वतःची चावी असे. ज्या पेटीच्या चावीनं हुकमाचं कुलूप निघेल तोच दरवाजा हले, बाकीचे सत्तावीस गप्प राहत. चाव्या रोज सकाळी सहाला बदलत.

"एका दिवशी दोन दरवाजांना एकच चावी मिळू शकते का?" इनामदारांनी विचारलं.

"नाही," चारुशीला म्हणाली.

"समितीतल्या सगळ्यांना समजेल असं सांगा."

"चावी म्हणजे शून्य आणि एक यांची दोनशे छप्पन आकड्यांची माळ. समजा, तुम्ही एक नाणं दोनशे छप्पन वेळा उडवलंत आणि छापा की काटा ते ओळीनं लिहून काढलंत. दुसऱ्या खोलीत मीही तेच केलं. आपल्या दोघींचे कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत तंतोतंत जुळले, तरच दोन चाव्या सारख्या येतील. हे विश्व जन्मल्यापासून आपण दर सेकंदाला हा खेळ खेळत बसलो असतो, तरी एकदाही जुळले नसते."

"आणि चाव्या काढणारं आपलं यंत्र नाण्याइतकं प्रामाणिक आहे?"

"नाण्यापेक्षा जास्त. प्रमाणपत्रावर माझी सही आहे."

समोरच्या बाकावर निवृत्ती बसला होता. धुतलेला पांढरा सदरा, मांडीवर टोपी. तो उभा राहिला. परवानगी न घेताच बोलला.

"चारू, मी जेवणाचा डबा उघडत होतो. पॅनेलला हातसुद्धा लावला नव्हता."

"दादा, तू दरवाजा बंद केलास ते पॅनेलवरूनच ना? घाईत कदाचित..."

"बंद केला तो उघडलेला दिसला म्हणून. उघडला नाही मी."

"तसं होऊच शकत नाही रे. गणित आहे ते."

निवृत्तीनं टोपी डोक्यावर घातली. "गणितानं माझा हात बघितला का?" तो म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

चारुशीलाला शिकवलं ते या भावानं. वडील सुतारकाम करता करता गेले तेव्हा ती आठवीत होती. निवृत्तीनं कॉलेज सोडून धरणावरची नोकरी धरली आणि तिला आधी साताऱ्याला, मग पुण्याला ठेवलं. त्याला खोटं बोलता येत नसे, म्हणून गावात कोणी त्याला साक्षीलाही नेत नसे. हे सगळं तिला माहीत होतं. तरी दोनशे छप्पन वेळा उडवलेलं नाणं तिला त्याच्या शब्दापेक्षा जड वाटलं होतं.

समितीची कागदपत्रं तपासून तिला लेखी मत द्यायचं होतं. वडगावच्या विश्रामगृहात ती दुपारभर वाचत बसली. शिरसवण्याच्या नोंदी दोनदा वाचून झाल्या. तिसऱ्यांदा वाचताना तिच्या मनात आलं की निवृत्तीला दरवाजा उघडायचाच असता तर तो नऊ इंच का उघडेल? जुने ऑपरेटर फुटात आणि अर्ध्या फुटात बोलतात. नऊ इंच हे केंद्राच्या संगणकाचं माप होतं, विसर्गाचं गणित करून काढलेलं.

समितीनं फक्त शिरसवण्याला गेलेले हुकूम मागवले होते. तिनं केंद्राकडून त्या दिवशीचे पाचही धरणांचे हुकूम मागवले. चौथ्या पानावर ओळ होती: आंबेघोळ धरण, दरवाजा तीन, अकरा दहा, नऊ इंच.

आंबेघोळ शिरसवण्याच्या वर चाळीस किलोमीटरवर होतं.

तिनं ते पान शिरसवण्याच्या नोंदीशेजारी ठेवलं. वेळ तीच, माप तेच. एका हुकमानं दोन दरवाजे हलले होते. दोन्ही पेट्यांत त्या दिवशी एकच चावी होती. जे विश्वाच्या आयुष्यात घडणार नाही असं तिनं सकाळी शपथेवर सांगितलं होतं, ते नऊ जुलैला घडून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती नियंत्रण केंद्राच्या तळघरात गेली. चाव्यांसाठी लागणारे आकडे देणारं यंत्र तिथं होतं. लोक त्याला बीजयंत्र म्हणत. पत्र्याच्या ट्रंकेएवढी पेटी, वर तीन हिरवे दिवे.

संगणकाला स्वतःच्या मनानं आकडा सुचत नाही. तो सूत्रानं आकडे काढतो, आणि ज्याला सूत्र आणि सुरुवात कळली त्याला पुढचे सगळे आकडे कळतात. म्हणून खरे स्वैर आकडे हवे असतील तर ते निसर्गाकडून घ्यावे लागतात. बीजयंत्रात एक छोटा लेसर होता. त्याचा झोत अर्धपारदर्शक आरशावर पडे. निम्मा प्रकाश आरपार जाई, निम्मा परते. दोन्हीकडे एकेक प्रकाशमापक बसवलेला. प्रकाश कणाकणानं येतो आणि प्रत्येक कण कोणत्या बाजूला जाईल याला कारणच नसतं. आपल्याला कारण माहीत नसतं असं नाही, निसर्गातच ते नसतं. त्यामुळे दोन्ही बाजू कधी अगदी सारख्या भरत नाहीत. त्यांच्यातला फरक क्षणोक्षणी थरथरत राहतो. ती थरथर मोजली की झाले आकडे. हे कच्चे आकडे मग एका गणिती चाळणीतून जात. चाळणी त्यांना इतकं घुसळून काढी की त्यांच्यात काही कल उरला असेल तर तोही नाहीसा व्हावा. चाळणीतून पडे ती चावी.

चारुशीलानं झाकण काढलं आणि चाळणीच्या आधीची तार आपल्या ऑसिलोस्कोपला जोडली. पडद्यावर दाट, वेडंवाकडं गवत उगवल्यासारखी रेघ दिसायला हवी होती.

दिसली ती गुळगुळीत लाट. वर, खाली, वर, खाली. सेकंदाला पन्नास वेळा.

विजेच्या तारांची गुणगुण होती ती. प्रत्येक भिंतीत असते तीच. लेसर विझलेला होता. प्रकाशमापक अंधाराकडे बघत होते, आणि यंत्र तारांची गुणगुण मोजून ती चाळणीत ओतत होतं. दुरुस्तीच्या वहीवरून दिसत होतं की नोव्हेंबरात लेसरचा सुटा भाग बदलला होता. तेव्हापासून आठ महिने.

"पण दिवे तर हिरवे आहेत," तिच्याबरोबर आलेला केंद्राचा तंत्रज्ञ म्हणाला. "रोज चाचणी पास होते."

"चाचणी कुठं होते?"

"चाळणीच्या नंतर."

"चाळणीत काहीही घातलं तरी बाहेर पडणारं सुंदरच दिसतं," ती म्हणाली. "गुणगुण घाला, नाहीतर नुसती शून्यं घाला. बाहेरून बघून कळत नाही. पण आत मोजकीच चित्रं शिरली, तर बाहेरही मोजक्याच चाव्या येणार."

"मग चाचणी चाळणीच्या आधी का नाही ठेवली?"

ती झाकण बसवू लागली. उत्तर तिला माहीत होतं. मूळ आराखड्यात चाचणी चाळणीच्या आधीच होती. पहिल्या पावसाळ्यात दमट हवेमुळे चाचणीनं चार वेळा खोटी धोक्याची घंटा दिली, चारदा चाव्यांचं काम थांबलं. केंद्रानं तक्रार केली. तेव्हा चाचणी चाळणीच्या पुढे न्यावी, काही बिघडत नाही, असं दीड पानांचं पत्र पुण्याहून आलं होतं. ते पत्र चारुशीलानं लिहिलं होतं.

त्या दिवशी तिनं जेवण केलं नाही. संध्याकाळपर्यंत हिशोब मांडून झाला. गुणगुणीच्या लाटेचा कोणता क्षण पकडला जातो, एवढीच काय ती विविधता उरली होती. सुमारे पासष्ट हजार. विश्वात मावणार नाहीत इतक्या चाव्यांऐवजी पासष्ट हजार चाव्या. अठ्ठावीस दरवाजे रोज त्यातून चावी उचलणार, तर पाच-सहा महिन्यांत केव्हातरी दोघांच्या हाती एकच येणारच. नऊ जुलैला आली.

गुरुवारी सकाळी ती फरीदा इनामदारांच्या कार्यालयात गेली. इनामदार फोनवर होत्या, फोन ठेवताच म्हणाल्या, "लवकर बोला. हवामान खात्याचा इशारा आहे. शनिवारी दुपारपासून खोऱ्यात अतिवृष्टी. मला पाचही धरणं एका तालात उघडावी लागणार आहेत."

चारुशीलानं लॅपटॉप टेबलावर ठेवला. "मॅडम, केंद्रानं आज सकाळी आठला जो हुकूम सोडला तो मी माझ्या रेडिओवर पकडलाय. कोणीही पकडू शकतं. तो कुलूपबंद आहे. बीजयंत्राचा लेसर विझलाय, चाव्या पासष्ट हजारच उरल्यात, हा संगणक त्या एकेक लावून बघेल. आता बघा."

तिनं बटण दाबलं. पडद्यावर आकडे सरकू लागले. इनामदारांनी चहाचा कप उचलला आणि तो ओठांपर्यंत जायच्या आत आकडे थांबले. खाली ओळ आली: शिरसवणे, दरवाजा चार, सहा इंच.

"ही आजची चावी," चारुशीला म्हणाली. "ही वापरून मी इथं बसून तो दरवाजा पूर्ण उघडू शकते. मला जे जमलं ते दुसऱ्या कोणालाही जमेल. आणि कोणी नाही केलं, तरी शनिवारी तुम्ही शेकडो हुकूम सोडणार. नऊ जुलैला आंबेघोळ आणि शिरसवण्याच्या जुळल्या तशा दोन चाव्या पुन्हा जुळल्या तर?"

इनामदारांनी कप खाली ठेवला. "निवृत्ती सुतार खरं बोलत होते."

"हो. आणि यंत्रातली चूक माझ्या पत्रामुळे लपून राहिली. हे ते पत्र."

इनामदारांनी पत्र वाचलं, परत दिलं नाही. "त्याचं नंतर बघू. आधी शनिवार. नवीन लेसर?"

"बंगळूरहून आठ दिवस."

"पॅनेलचा हुकूमही पेटीतूनच जातो, आणि पेट्या बंद करून हातानं दरवाजे उचलायचे तर एकेकाला चार तास लागतात, ते चालणार नाही. दुसरं एखादं यंत्र? आपल्या संगणकांतही असे आकडे निघतात ना?"

"निघतात. पण केंद्रातले सगळे संगणक सुरुवातीचं बीज याच पेटीतून घेतात. बाहेरून आणलेलं यंत्र आतून तपासायला मला आठवडा लागेल. न तपासता आता मी कशावरही सही करणार नाही."

"मग काय करायचं, डॉक्टर? फासे टाकायचे?"

"हो," चारुशीला म्हणाली. "तेच सांगायला आले होते. फक्त फासे इतके मिळणार नाहीत. चिंचोके मिळतील."

ती थट्टा करत नव्हती. फोडलेला चिंचोका हवेतून पडतो तेव्हा पांढरी बाजू वर येईल की काळी, हे ना टाकणाऱ्याला सांगता येतं ना बघणाऱ्याला. आणि त्याच्या आत लपलेलं काहीच नसतं. एका दिवसात ज्याची पूर्ण खात्री डोळ्यांनी करता येईल असं तेवढंच साधन तिला सापडलं होतं.

"माणसं किती लागतील?"

"दरवाजे अठ्ठावीस, तेवढी माणसं. उद्या अर्धा दिवस. शिरसवण्याच्या वसाहतीतल्या सभागृहात. पण माझ्या बोलावण्यावरून तिथं कोणी येणार नाही. दादाच्या बोलावण्यावरून येतील."

निवृत्ती घराच्या पडवीत रंधा मारत होता. बाप गेल्यावर हत्यारं त्यानं जपून ठेवली होती, निलंबनानंतर पुन्हा काढली होती. बहिणीला बघून त्याचा हात थांबला नाही.

"दादा, तू खरं सांगत होतास. यंत्र आठ महिने मेलेलं होतं. ते कळू नये अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती. मी चुकले."

रंध्याची आणखी दोन सालं निघाली. मग तो थांबला.

"समितीला सांगितलंस?"

"सांगितलं. लेखी दिलं."

"बाबूला?"

तिच्या मनात तो विचारही आला नव्हता.

"दोन आठवडे झाले, बाबू भोई मला शिव्या देतोय," निवृत्ती म्हणाला. "आम्ही एका शाळेत होतो. त्याची बायको समोरनं आली की तोंड फिरवती. समितीचं मला काय करायचंय? आधी त्याच्याकडं जा. मग माझ्याशी बोल."

"दादा, वेळ फार कमी आहे. शनिवारी..."

"मग लवकर जा."

बाबू भोईला दोन दिवसांपूर्वीच घरी आणलं होतं. तो खाटेवर पाय उंच करून पडला होता. चारुशीला त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. लेसर, चाळणी यातलं काही नाही. दोन कुलपांना एक चावी लागली, कुलुपं बनवणाऱ्यांत मी होते, निवृत्तीदादाचा हात कुठंच नव्हता. एवढंच.

बाबूनं उशीवरून मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"म्हंजी निवृत्तीनं न्हाई केलं."

"नाही."

"आन् तू त्याची भन. तू बी त्याला खोटं पाडलंस."

"हो."

"मी तर लांबचा," बाबू म्हणाला. त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. मग बाबूनं विचारलं, "आता ह्ये मला सांगून तुला काय पायजे?"

"दादानं पाठवलं. आणि उद्या माणसं हवीत." तिनं चिंचोक्यांचं सांगितलं.

"माझा पाय मोडलाय, हात न्हाई," बाबू भोई म्हणाला. "त्याला सांग, खाट उचलायला चार जण पाठव."

शुक्रवारी सकाळी नऊला शिरसवण्याच्या सभागृहात अठ्ठावीस माणसं सतरंज्यांवर अंतर ठेवून बसली. धरणावरचे कर्मचारी, त्यांच्या बायका, दोन शिक्षक, टपालवाली, निवृत्त मुकादम, आणि दाराजवळ खाटेवर बाबू भोई. प्रत्येकापुढे एक फोडलेला चिंचोका, एक वाटी, कागद आणि पेन. फोन बाहेर टोपलीत. खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. निवृत्ती सगळ्यांच्या मधून फिरत होता. तो बहिणीशी अजून बोलला नव्हता, पण पहाटे उठून घरोघर गेला होता.

चारुशीला समोर उभी राहिली. "चिंचोका वाटीत हलवायचा आणि दोनदा टाकायचा. दोन्ही वेळा सारखंच पडलं तर काही लिहायचं नाही. आधी पांढरं मग काळं पडलं तर एक लिहायचं. आधी काळं मग पांढरं, तर शून्य. असे दोनशे छप्पन आकडे झाले की एक कागद पुरा. प्रत्येकानं दोन कागद करायचे."

मुकादमाची बायको यसाबाई म्हणाली, "ताई, माझा चिंचोका पांढऱ्यावरच जास्ती पडतुया. ह्यो बदलून द्या."

"राहू द्या तोच, यसाबाई. म्हणून तर दोनदा टाकायचा. तो लबाड असेल, पण पहिल्या वेळेला आणि दुसऱ्या वेळेला सारखाच लबाड असणार. म्हणून पांढरं-काळं आणि काळं-पांढरं ही दोन्ही सारख्याच वेळा येतात. त्याची लबाडी आपण टाकून देतो त्या जोड्यांत जाते."

यसाबाईनं चिंचोक्याकडे नव्या नजरेनं बघितलं आणि वाटी हलवली.

सभागृहात एकच आवाज भरून राहिला, वाट्यांत खुळखुळणाऱ्या बियांचा. एका कागदाला हजारेक वेळा टाकावं लागत होतं. तासाभरानं मनगटं भरून आली. दहा वाजता चहा झाला, कोणी उठलं नाही. साडेदहाला एका शिक्षकाचा कागद सगळ्यांच्या आधी पुरा झाला. चारुशीलानं तो बघितला आणि त्याच्याजवळ खाली बसली.

"सर, निम्म्यापुढचे आकडे तुम्ही मनानं लिहिलेत."

शिक्षक तांबडे झाले. "कशावरून?"

"इथून पुढे कुठंही सलग चार एक नाहीत, चार शून्यं नाहीत. माणसाला वाटतं, सारखे सारखे आकडे आले की ते खरे दिसणार नाहीत, म्हणून तो ते टाळतो. चिंचोका टाळत नाही. यसाबाईंच्या कागदावर सलग आठ एक आहेत."

"हात दुखायला लागला हो," शिक्षक हळूच म्हणाले.

दारातून बाबू भोईचा आवाज आला. "मास्तर, माझी मांडी दुखती. टाका."

शिक्षकांनी कागद फाडला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

साडेबारापर्यंत छप्पन कागद जमले. आता दोन वेगवेगळ्या माणसांचे कागद घ्यायचे, आकडे एकाखाली एक मांडायचे, सारखे असतील तिथं शून्य लिहायचं, वेगळे असतील तिथं एक. तयार होणारी तिसरी माळ ही चावी. दोघांपैकी एकानं आळस केला असला, किंवा आपला कागद कोणाला सांगितला असला, तरी दुसऱ्याचा कागद ती चावी राखणार होता. कोणाची जोडी कोणाशी लावली हे चारुशीला, इनामदार आणि निवृत्ती या तिघांनाच माहीत होतं. तिघं एका टेबलाशी बसून चाव्या लिहीत होते. निवृत्तीचं अक्षर सर्वांत सुवाच्य होतं.

विसाव्या चावीपाशी तो एकदम म्हणाला, "तू त्या दिवशी खरंच मला खोटा समजलीस?"

इनामदारांनी मान वर केली नाही.

"तू चुकलास असं समजले," चारुशीला म्हणाली. "माझं काही चुकलं असेल हे मनातच आलं नाही. तुझ्यापेक्षा मला माझ्या सहीवर जास्त भरवसा होता."

निवृत्तीनं ओळ पुरी केली. "दुपारी घरी जेवायला ये," तो म्हणाला. "वहिनी वाट बघतीय."

ती जेवायला गेली नाही, कारण तीन वाजता पाच जीपगाड्या निघाल्या आणि आंबेघोळची जीप तिनं स्वतः नेली. बंद पाकिटांतून चाव्या त्या त्या धरणावर गेल्या, एक प्रत केंद्रात. ऑपरेटरांनी रोज सकाळी सहाची अदलाबदल बंद करून आकडे पेटीत भरले, दुसऱ्या माणसानं वाचून पडताळले, मग कागद जाळून राख नदीत सोडली.

शनिवारी दुपारी एकला पाऊस कोसळायला लागला आणि रविवारी संध्याकाळपर्यंत थांबला नाही. इनामदारांनी निवृत्तीचं निलंबन तोंडी उठवलं होतं. तो शिरसवण्यावर होता, चारुशीला केंद्रात. पहिला हुकूम गेला. आंबेघोळ, दरवाजा एक, दीड फूट. पाचही धरणांवरचे ऑपरेटर फोनवर होते. एकेकानं आपले दरवाजे डोळ्यांनी बघून सांगितलं.

"आंबेघोळ एक उचलला. बाकी जागेवर."

"शिरसवणे, सगळे जागेवर," निवृत्तीचा आवाज आला.

उरलेल्या तीन धरणांवरूनही तेच आलं. मग दुसरा हुकूम, मग तिसरा. तीस तासांत चारशे सोळा हुकूम गेले. प्रत्येक वेळी एकच दरवाजा हलला, जो हलायला हवा तोच. गोमटीचं पाणी पुलाला टेकलं, पण वर चढलं नाही. खालच्या सहा गावांतून एकही माणूस हलवावा लागला नाही.

पाणी ओसरल्यावर इनामदारांनी अहवाल लिहायला घेतला. त्यांनी चारुशीलाला बोलावून सांगितलं, "लेसरचा सुटा भाग निकृष्ट होता, एवढं लिहिलं तरी ते खरंच आहे. तुमचं पत्र जोडलंच पाहिजे असा नियम नाही. तुम्ही खोरं वाचवलंत."

"पत्र पहिलं जोडा, मॅडम. लेसर कुठलाही विझतो. तो विझलेला कळला नाही, ते पत्रामुळे."

पत्र जोडलं गेलं. ऑगस्टमध्ये प्रयोगशाळेनं चारुशीलाचा प्रमाणपत्रावर सही करायचा अधिकार दोन वर्षांसाठी काढून घेतला. निवृत्तीला लेखी माफी आणि नोकरी परत मिळाली. बाबू भोई काठी घेऊन चालू लागला. नवा लेसर बसला, चाचणी पुन्हा चाळणीच्या आधी आली.

पण ते दीड पानांचं पत्र वडगावपुरतं राहिलं नव्हतं. राज्यात तसली आणखी आठ बीजयंत्रं होती आणि आठही ठिकाणी तिची सूचना त्या वेळी उचलली गेली होती. तिनं सगळ्यांना पत्रं पाठवली. तिघांनी पोच दिली. दोघांनी लिहिलं की आमचे दिवे हिरवे आहेत. तिघांकडून काहीच आलं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तिनं ऑसिलोस्कोप कापडात गुंडाळला. निवृत्तीनं आठवड्याची रजा काढली होती. गाडी तोच चालवत होता. पहिलं ठिकाण सव्वाशे किलोमीटरवर होतं, एका मोठ्या रुग्णालयाच्या आवारात. तिथलं बीजयंत्र हजारो रुग्णांच्या शरीरात बसवलेल्या हृदययंत्रांना चाव्या देत होतं.

फाटकापाशी सुरक्षारक्षकानं गाडी अडवली. "कोणाला भेटायचंय?"

"बीजयंत्राची खोली ज्यांच्याकडे आहे त्यांना."

"भेटीची वेळ घेतलीय?"

"तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही."

रक्षकानं तिचं ओळखपत्र उलटसुलट करून बघितलं. "मॅडम, यावर तपासणीचा अधिकार दिसत नाही. तुम्ही कोणत्या अधिकारानं यंत्र उघडणार?"

"त्यात चूक मी केलेली आहे," चारुशीला म्हणाली. "त्या अधिकारानं."

रक्षकानं गाडीत बघितलं. मागच्या सीटवर ऑसिलोस्कोप होता, पाण्याचा कॅन होता, दोघांचे आठवड्याचे कपडे होते. निवृत्तीनं गाडी बंद केली, किल्ली काढून खिशात घातली आणि काच खाली करून आरामात बसला. रक्षकानं ओळखपत्र परत दिलं. मग आपल्या खोलीत जाऊन त्यानं फोन उचलला आणि आतला नंबर लावला.